दोन दगडांवर पाय : सूर, मेंदू आणि करिअर

मराठी मध्यमवर्गीय घरात नववीचे वर्ष सरत आले की काही गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. तबल्याच्या जोडीवर गवसणी चढते, गाण्याच्या बाईंना ‘यंदा दहावी आहे, पुढच्या वर्षी बघू’ असा निरोप जातो आणि संध्याकाळचा तो एक तास क्लासच्या वेळापत्रकात विलीन होतो. पुढचे वर्ष बहुधा येतच नाही. दहावीनंतर बारावी, बारावीनंतर प्रवेश परीक्षा, त्यानंतर पदवी आणि मग नोकरी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असे टप्पे ओलांडलेल्या मुलांची प्रमाणपत्रे कपाटातल्या फाइलीत पिवळी पडत राहतात. या निर्णयामागे कोणाचाही दुष्टावा नसतो. दोन दगडांवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो, ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली शिकवण त्यामागे असते.

ही शिकवण अगदीच निराधार नाही. दिवसाचे तास चोवीसच असतात, आणि ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ झालेल्यांची उदाहरणे प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत सापडतात. तथापि, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत विज्ञानाची एक शाखा अशी बहरली आहे, की तिच्यातील आघाडीची बरीच माणसे नेमकी या दोन दगडांवरच उभी आहेत. संगीत ऐकताना, गाताना आणि वाजवताना मेंदूत काय घडते, याचा शोध घेणारी ही शाखा. माँट्रियलचे रॉबर्ट झटोरे आणि जर्मनीतून अमेरिकेत गेलेले गॉटफ्रीड श्लाउग हे दोघेही ऑर्गन शिकलेले. हॅनोव्हरचे एकार्ट आल्टेनम्युलर बासरीवादक. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद चार्ल्स लिम सॅक्सोफोनवादक. इंद्रे व्हिस्कोन्टास तर ऑपेराच्या रंगमंचावर गाणाऱ्या मेंदूशास्त्रज्ञ. यांच्या वाटचालीत करिअरविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि त्यांच्या संशोधनात तर त्याहूनही अधिक आहे, कारण रियाज, प्रावीण्य, वय आणि बुद्धी यांविषयीच्या आपल्या अनेक लाडक्या समजुती त्यांनी तपासून पाहिल्या आहेत. त्यातल्या काही टिकल्या, काही टिकल्या नाहीत.

स्टुडिओतून वर्गात

डॅनिएल लेव्हिटिन यांचा जन्म १९५७चा. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून ते रॉक संगीताच्या बँडमध्ये गेले. बँड फुटला तेव्हा ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ आणि निर्माता म्हणून स्टुडिओत स्थिरावले. आपल्याकडच्या कोणत्याही पालकाची झोप उडावी असाच हा प्रवास होता. मात्र, स्टुडिओत काचेपलीकडे बसून तासन्‌तास ऐकताना त्यांना काही प्रश्न पडू लागले. तेवढ्याच तयारीच्या दोन गायकांपैकी एकाचे गाणे काळजाला का भिडते आणि दुसऱ्याचे का नाही? वाद्याचा आवाज किंचित बदलला, तर ऐकणाऱ्याला तो ‘उबदार’ किंवा ‘कोरडा’ का वाटतो? या प्रश्नांची उत्तरे स्टुडिओत मिळेनात, तेव्हा ते पुन्हा विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसू लागले. स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी त्यांनी १९९२मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी घेतली. ओरेगॉन विद्यापीठाची पीएच.डी. १९९६मध्ये. पुढे ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘धिस इज युवर ब्रेन ऑन म्युझिक’ या पुस्तकाने त्यांचे नाव सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले.

त्यांचा १९९४मधील एक प्रयोग पाहिला, की स्टुडिओतली ती वर्षे वाया गेली नाहीत हे लक्षात येते. ऐकलेला सूर कोणत्याही आधाराशिवाय अचूक ओळखणे ही देणगी लाखांत मोजक्यांनाच असते, असे तोवर मानले जात असे. लेव्हिटिन यांनी ४६ जणांना आपापल्या आवडीचे एखादे लोकप्रिय गाणे केवळ आठवणीतून गायला सांगितले. सूर लावायला पेटी नाही, तानपुरा नाही. मग त्यांनी गायलेली पट्टी मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहिली. प्रत्येकाला दोनदा संधी दिली होती. त्यांपैकी ४० टक्के लोक किमान एका वेळी थेट मूळ सुरावरच उतरले, १२ टक्के दोन्ही वेळा. दोन्ही वेळा दोन अर्धस्वरांच्या आत राहणारे ४४ टक्के होते. म्हणजे सुराचे नाव सांगता न येणाऱ्या सामान्य माणसाच्या स्मरणातही मूळ पट्टी बऱ्यापैकी पक्की बसलेली असते. गाण्याची ध्वनिमुद्रिका प्रत्येक वेळी त्याच पट्टीत वाजते आणि म्हणून ती स्मरणशक्ती मोजण्याची आयती फूटपट्टी आहे, ही कल्पना आयुष्याची दहा वर्षे ध्वनिमुद्रण करण्यात घालवलेल्या माणसाला सुचावी, यात नवल नाही.

अनिरुद्ध पटेल यांची गोष्ट वेगळी आहे. या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला तो मुंग्यांवर संशोधन करण्यासाठी. मार्गदर्शक होते ई. ओ. विल्सन, मुंग्यांच्या अभ्यासातले जगातले सर्वांत मोठे नाव. अशा गुरूकडे प्रवेश मिळाल्यावर विषय बदलण्याचा विचार करणे हे आपल्याकडे जवळजवळ पाप ठरेल. पटेल यांचे मन मात्र मुंग्यांत रमेना. माणसाला संगीत का सुचते, हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे, असे त्यांना वाटू लागले. विशेष म्हणजे विल्सन यांनी आडकाठी केली नाही, उलट प्रोत्साहनच दिले. १९९६मध्ये पटेल यांना डॉक्टरेट मिळाली आणि ते सॅन दिएगोच्या न्यूरोसायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेले. त्या संस्थेचे संस्थापक जेराल्ड एडलमन यांनीही तरुणपणी व्हायोलिनचे गांभीर्याने शिक्षण घेतले होते. मैफलींचा कलावंत होण्यासाठी लागणारी आच आपल्यात नाही हे ओळखून ते वैद्यकाकडे वळले आणि १९७२मध्ये प्रतिपिंडांच्या रचनेसंबंधीच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यानंतर त्यांनी पुन्हा क्षेत्र बदलले आणि मेंदूचा अभ्यास सुरू केला. एखाद्या संस्थेच्या प्रमुखपदी अशी व्यक्ती असली, की मुंग्या सोडून आलेल्या माणसालाही तेथे जागा मिळते, हा मुद्दा करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

पटेल यांचे गाजलेले संशोधन एका काकाकुव्याचे आहे. अमेरिकेतील पक्ष्यांच्या एका आश्रयस्थानातला ‘स्नोबॉल’ नावाचा हा पक्षी गाण्यावर नाचतो, अशी चित्रफीत २००७च्या सुमारास इंटरनेटवर पसरली. लोकांनी ती करमणूक म्हणून पाहिली. पटेल यांनी तिच्यात आपल्या एका अनुमानाची कसोटी पाहिली. ऐकलेल्या आवाजाची नक्कल करू शकणाऱ्या प्राण्यांनाच ठेका धरता येईल, असे अनुमान त्यांनी आधीच मांडले होते. त्यांनी तेच गाणे मंद आणि जलद अशा वेगवेगळ्या लयींत वाजवले, तेव्हा स्नोबॉल लयीबरोबर आपली मान आणि पाय जुळवून घेत होता. सतत नाही, पण निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही इतका वेळ. हा निबंध २००९मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१३मध्ये ‘रोनन’ या सी-लायन मादीलाही ठेका धरता येतो, असे कॅलिफोर्नियातील दुसऱ्या गटाने दाखवले. सी-लायन हा काही नकलाकार प्राणी म्हणून ओळखला जात नाही, त्यामुळे पटेल यांच्या अनुमानाला धक्का बसला आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे. संशोधनातील करिअर हे असे असते : ज्या कामाने नाव होते, त्याच कामावर चार वर्षांत कोणीतरी प्रश्नचिन्ह लावते.

(अर्धवट सोडलेले शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्यांत ‘क्वीन’ या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. सत्तरच्या दशकात बाजूला ठेवलेला, ग्रहांदरम्यानच्या धूलिकणांवरचा आपला प्रबंध त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पूर्ण केला तो २००७मध्ये, वयाच्या साठीला. अर्थात, मधली तीस वर्षे निभावून नेण्याइतके मानधन प्रत्येकाच्या गिटारला मिळत नाही.)

ऐकू येते, पण गाणे नाही

या सर्वांत व्यवसाय म्हणून सर्वांत ‘सुरक्षित’ वाट निवडली ती चार्ल्स लिम यांनी. हार्वर्डची पदवी, येलमधून वैद्यकीय शिक्षण, जॉन्स हॉपकिन्समध्ये कान-नाक-घसा शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण. कोणत्याही स्थळाच्या माहितीपत्रकात शोभावे असे हे शिक्षण. जन्मतः किंवा पुढे ठार बहिऱ्या झालेल्यांच्या कानात कॉक्लीअर इम्प्लान्ट बसवणे हे त्यांचे रोजचे काम. हे उपकरण बाहेरचा आवाज टिपून, त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर करून ते थेट श्रवणमज्जेपर्यंत पोहोचवते. त्याचे यश मोजण्याची प्रचलित पद्धत सरळ आहे : रुग्णाला बोललेले कळते का? कळत असेल, तर शस्त्रक्रिया यशस्वी. या कसोटीवर कॉक्लीअर इम्प्लान्ट हे आधुनिक वैद्यकातील मोठे आश्चर्यच म्हणावे लागेल; बहिरी जन्मलेली मुले त्यामुळे शाळेत जाऊन बोलू लागली आहेत.

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या सर्जनला मात्र तेवढ्याने समाधान होईना. कारण याच रुग्णांना गाणे ऐकवले, तर अनेकांना तो गोंगाट वाटतो. दोन सुरांपैकी वरचा कोणता आणि खालचा कोणता, हे सांगणेही पुष्कळांना कठीण जाते. याचे कारण उपकरणाच्या रचनेत आहे. निरोगी कानाच्या शंखात ध्वनी ग्रहण करणाऱ्या आतल्या केशपेशी सुमारे ३,५०० असतात. उपकरणात त्यांच्या जागी जेमतेम १२ ते २२ विद्युतअग्रे. बोलणे समजायला ढोबळ चढ-उतार पुरतात. षड्ज आणि कोमल ऋषभ यांतला फरक कळायला ते पुरत नाहीत. कोणा वाद्यविक्रेत्याने २२ पट्ट्यांची पेटी दिली आणि तिच्या शेजारशेजारच्या पट्ट्याही एकमेकींत मिसळून वाजू लागल्या, तर काय होईल, याची कल्पना करावी.

वैद्यकाच्या दृष्टीने ही ‘किरकोळ’ उणीव होती. ती उणीव आहे हे जाणवायला, आणि ती किरकोळ नाही हे वाटायला, गाणे ज्याच्या आयुष्याचा भाग आहे असा डॉक्टर लागला. दोन क्षेत्रांत पाय असण्याचा खरा लाभ बहुधा हाच असतो. दुसरे क्षेत्र पहिल्यात उत्तरे आणून देते असे नाही. ते असा प्रश्न आणून देते, जो पहिल्यातल्या लोकांना पडलेलाच नसतो.

लिम यांचा दुसरा प्रश्न जॅझ वादकाचा होता : आयत्या वेळी सुचते, म्हणजे मेंदूत काय होते? ॲलन ब्राउन यांच्यासह त्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तंत्राच्या दृष्टीनेही मजेदार आहे. एफएमआरआय यंत्रात प्रचंड शक्तीचे चुंबक असते. तेथे लोखंडाचा कणही चालत नाही. म्हणून ३५ पट्ट्यांचा खास की-बोर्ड बनवून घेण्यात आला. यंत्राच्या बोगद्यात उताणे झोपून, मांडीवर की-बोर्ड ठेवून, आरशातून हात पाहत सहा व्यावसायिक पियानोवादकांनी आधी पाठ केलेली रचना वाजवली आणि मग त्याच चौकटीत उत्स्फूर्त वादन केले. उत्स्फूर्त वादनाच्या वेळी कपाळामागच्या भागातील बाहेरच्या बाजूचे क्षेत्र शांत झाले. स्वतःवर पाळत ठेवणे, चूक टाळणे अशी कामे या क्षेत्राकडे असतात. त्याच वेळी मधल्या बाजूचे, स्वतःविषयीच्या कथनाशी जोडलेले क्षेत्र अधिक सक्रिय झाले. सहा वादक ही संख्या लहान आहे आणि एवढ्यावरून ‘सर्जनशीलतेचे केंद्र सापडले’ असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. काही वर्तमानपत्रांनी तो उतावीळपणा केलाही. तरीही ख्यालगायकाला हे ऐकून फारसे आश्चर्य वाटणार नाही. तान घेताना ‘आता चुकेल का’ हा विचार मनात आला, की तान चुकतेच.

झटोरे यांच्या माँट्रियल येथील गटाने २०११मध्ये अंगावर रोमांच आणणाऱ्या संगीताचा अभ्यास केला. आवडत्या गाण्यातील उत्कर्षबिंदू येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन स्रवते. पण तो बिंदू येणार, याची चाहूल लागते तेव्हाही, मेंदूच्या वेगळ्या भागात, ते स्रवते. समेची वाट पाहण्यातला आनंद समेइतकाच खरा असतो, याला प्रयोगशाळेतून मिळालेला हा दुजोरा मानता येईल.

रियाजाचे गणित

‘दहा हजार तास’ हा मंत्र आता करिअर शिबिरांतही ऐकू येतो. कोणत्याही क्षेत्रात दहा हजार तास घाला, निपुण व्हाल, असे त्याचे लोकप्रिय रूप. लेव्हिटिन यांच्या २००६मधील पुस्तकात या आकड्याचा उल्लेख आहे. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८मधील ‘आउटलायर्स’ने तो घरोघरी पोहोचवला. मुळात तो आला बर्लिनमधील संगीत अकादमीच्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासातून. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९३मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वयाच्या १८व्या वर्षापर्यंत सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा एकट्याने केलेला रियाज सरासरी ७,४१० तास भरला, चांगल्या विद्यार्थ्यांचा ५,३०१ तास आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३,४२० तास. विशीपर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी दहा हजारांच्या घरात गेली. सरासरी, हे ध्यानात ठेवावे. गटातील कित्येकांचे तास त्याहून कमी होते. ‘दहा हजार तासांनी यश हमखास’ असे आपण कधीच म्हटले नव्हते, हे एरिक्सन यांना पुढे वारंवार सांगावे लागले. त्यांचा भर तासांवर नव्हताच. नेमके कुठे चुकते ते ओळखून, गुरूच्या देखरेखीखाली, त्याच जागेवर पुन्हापुन्हा काम करणे यावर तो होता. येणारी गोष्टच तासभर घोळवत बसणे म्हणजे रियाज नव्हे, हे आपल्याकडचे जुने उस्तादही सांगत आले.

त्याच अभ्यासातील एक भाग मात्र शिबिरांत कोणी सांगत नाही. उत्तम विद्यार्थी दिवसाला साधारण साडेतीन ते चार तासच एकाग्र रियाज करीत, तोही मध्ये विश्रांती घेत. आणि ते इतरांपेक्षा अधिक झोपत. दुपारची डुलकीही अधिक काढत. पहाटे चारला उठवून रात्री अकरापर्यंत मुलांना अभ्यासाला बसवणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहावेत.

आणखी एक आकडा अधिक बोचरा आहे. ब्रूक मॅकनमारा, डेव्हिड हॅम्ब्रिक आणि फ्रेडरिक ऑस्वाल्ड यांनी २०१४मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. माणसामाणसांतील कामगिरीच्या फरकापैकी सरावाने उलगडणारा वाटा संगीतात २१ टक्के निघाला, खेळांत १८ टक्के, शिक्षणात ४ टक्के आणि व्यवसाय-नोकरीच्या क्षेत्रांत एका टक्क्याहूनही कमी. सराव निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ज्या क्षेत्राचे नियम पक्के आहेत तेथे सराव अधिक फळतो, आणि ऑफिसमध्ये उद्या कोणती परिस्थिती उभी राहील हे ज्याला ठाऊक नाही, त्याला निव्वळ तासांचे भांडवल पुरत नाही. एरिक्सन यांनी या विश्लेषणावर आक्षेप घेतले. पण संगीतासारख्या रियाजप्रधान कलेतही उरलेले ७९ टक्के दुसरे काही तरी आहे, ही गोष्ट त्या वादानंतरही विचार करायला लावते.

रियाजाची काळी बाजूही आहे आणि ती पाहण्याचे काम एकार्ट आल्टेनम्युलर यांनी आयुष्यभर केले. वैद्यक आणि बासरी या दोन्हींचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या डॉक्टरांनी १९९४पासून हॅनोव्हरच्या संगीत विद्यापीठातील, वादकांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या संस्थेची धुरा सांभाळली. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत ‘फोकल डिस्टोनिया’चे रुग्ण असत. बोटाला इजा नाही, वेदनाही नाही. पण वाद्यावर हात ठेवताच एखादे बोट आपोआप आत वळते किंवा ताठ होते. व्यावसायिक वादकांत शंभरात एकाला हा विकार होतो, असा अंदाज आहे. दोष हातात नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या पृष्ठभागावर प्रत्येक बोटाची जणू स्वतंत्र खोली असते. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांत डाव्या हाताच्या बोटांना मिळालेली जागा इतरांपेक्षा मोठी असते आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत ती आणखी मोठी, हे १९९५मध्ये दिसून आले. डिस्टोनियात या खोल्यांमधल्या भिंतीच पडतात. दोन बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळतात. ज्या लवचीकपणामुळे मेंदू कला शिकतो, तोच लवचीकपणा मर्यादेबाहेर गेला, की कला हिरावली जाते.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लाइशर यांच्या बाबतीत १९६४मध्ये हेच घडले. वय ३६, कीर्ती शिखरावर, आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटे तळव्याकडे वळू लागली. पुढची तीस वर्षे योग्य निदानावाचून गेली. त्या काळात त्यांनी केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या, वाद्यवृंदाचे संचालन केले आणि बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत शेकडो विद्यार्थी घडवले. नव्वदच्या दशकात बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेची इंजेक्शने घेऊन हात काहीसा सावरला आणि २००४मध्ये ‘टू हँड्स’ ही त्यांची दोन्ही हातांनी वाजवलेली ध्वनिमुद्रिका आली. विकार पूर्ण बरा झाला नव्हता. तो केवळ आटोक्यात होता. २०२०मध्ये, ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिकवणे हा नाइलाज म्हणून स्वीकारलेला व्यवसाय होता, पण आज त्यांचे नाव वादक म्हणून जितके घेतले जाते तितकेच गुरू म्हणूनही घेतले जाते.

दुखऱ्या हाताने रियाज रेटू नये, सलग तासन्‌तास बसू नये, हे आता या क्षेत्रातील डॉक्टर आवर्जून सांगतात. त्यांच्या हाती एक दिलासादायक निष्कर्षही आहे. अल्व्हारो पास्क्वाल-लिओने यांच्या १९९५मधील प्रयोगात काही जणांनी पाच दिवस, रोज दोन तास पियानोवरचा पाच बोटांचा धडा वाजवला. काहींनी तो वाद्यासमोर बसून केवळ मनात घोळवला. दोन्ही गटांच्या मेंदूतील बोटांच्या नकाशांत सारखेच बदल दिसले. मनातल्या मनात म्हटलेले पलटे अगदीच फुकट जात नाहीत.

मोझार्ट ऐकून हुशार?

संगीताची बाजू घेणारे पालक आणि क्लासवाले हल्ली एक वेगळाच युक्तिवाद करतात : गाणे शिकल्याने मुलांचे गणित सुधारते, बुद्ध्यांक वाढतो. या समजुतीचे मूळ १९९३मधील एका छोट्या प्रयोगात आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकवल्यावर त्यांची आकृत्यांविषयीची एका प्रकारची कामगिरी थोडी सुधारली, आणि ती सुधारणाही पंधरा मिनिटांत ओसरली. लहान मुलांशी या प्रयोगाचा संबंध नव्हता. तरीही अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी १९९८मध्ये प्रत्येक नवजात बालकाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडला!

या विषयात सर्वांत सावध काम केले ते ग्लेन शेलेनबर्ग यांनी. तेही मूळचे टोरांटोतील बँडमधले वादक आणि चित्रपटांचे संगीतकार. त्यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट करून काहींना की-बोर्ड किंवा गायन शिकवले, काहींना नाट्य आणि काहींना काहीच नाही. वर्षभराने संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी वाढला होता, इतरांचा ४.३ गुणांनी. फरक तीन गुणांहूनही कमी. २००४मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर त्याचा पुष्कळ गाजावाजा झाला. मात्र नंतरच्या वर्षांत अनेक प्रयोगांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा संगीतशिक्षणाचा गणितावर किंवा एकूण बुद्धीवर होणारा परिणाम नगण्य निघाला. शेलेनबर्ग स्वतःही पुढे या दाव्यांचे टीकाकार म्हणूनच ओळखले गेले. संगीताची रोजीरोटी खाल्लेल्या माणसाने संगीताच्या बाजूने जाणारा सोयीचा निष्कर्ष नाकारावा, ही बाब लहान नाही. गाणे शिकावे ते गाणे यावे म्हणून. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची शिडी म्हणून ते शिकवले, तर दहावीच्या वर्षी ते बंद होणे क्रमप्राप्तच आहे. शिडीचे काम अधिक वेगाने करणारा क्लास समोरच्याच इमारतीत असतो.

आपल्याकडे

महाराष्ट्राला दोन दगडांवरची माणसे नवी नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली; गाण्याची तालीम त्यांना आई माणिक भिडे यांच्याकडून मिळत होती. पुढे त्यांनी पूर्णवेळ गाणे निवडले. घरातच गुरू असणे हा योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे खरे. पण विज्ञानाचे शिक्षण पूर्ण होईतो तालीम थांबली नाही, हेही तितकेच खरे. दोन गोष्टी एकदम चालवणे आणि पुढे योग्य वेळी त्यांतली एक निवडणे, हा पर्याय नववीतच गवसणी चढवली की उरत नाही.

संगीत आणि मेंदू यांचा एकत्र अभ्यास करण्याची सोय भारतात मर्यादित आहे, पण ती नाही असे नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये संगीताच्या आकलनावर काम करणारी प्रयोगशाळा आहे. हरियाणात मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हिंदुस्थानी राग ऐकताना श्रोत्यांच्या मनात उमटणाऱ्या भावनांवर संशोधन झाले आहे. अलाहाबाद विद्यापीठात बोधनशास्त्राचे स्वतंत्र केंद्र आहे. तेथपर्यंत जाण्याचा रस्ता एकच नाही. मानसशास्त्र, जीवशास्त्र, वैद्यक, भाषाविज्ञान आणि ध्वनिसंकेतांवर काम करणारे इंजिनीअरिंग अशा कोणत्याही दरवाजाने आत जाता येते. मात्र या वाटेवर पैसा उशिरा येतो, डॉक्टरेटची पाच-सहा वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर काढावी लागतात आणि नंतरही जागा थोड्याच असतात. इंद्रे व्हिस्कोन्टास यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञसुद्धा अध्यापन, गायन, लेखन आणि पॉडकास्ट अशी अनेक कामे एकत्र बांधत आल्या आहेत. घरच्यांशी बोलताना हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

विषयांचा मात्र तुटवडा नाही. या शाखेतील बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य संगीतावर, त्यातही पियानोवर झाले आहेत. रागाच्या चौकटीत राहून बढत करणाऱ्या गायकाचे ‘सुचणे’ जॅझ वादकाच्या सुचण्यासारखेच असते का? सोळा मात्रांचा हिशेब मनात चालू ठेवून समेवर येणाऱ्या तबलजीच्या मेंदूत मोजणी होते की आणखी काही? तबल्याच्या बाबतीत तर प्रश्न आणखी रंजक आहे, कारण हे वाद्य आधी तोंडाने शिकवले जाते. धा, तिट, घे, ना या बोलांचा उच्चार आणि प्रत्यक्ष थापेचा नाद यांत ध्वनिदृष्ट्या काही साम्य आहे का, याची तुलना करणारा निबंध २००३मध्ये प्रसिद्ध झाला आणि असे साम्य असल्याचे त्यात दिसून आले. तो लिहिला होता सॅन दिएगोतील अनिरुद्ध पटेल आणि त्यांचे सहकारी जॉन आयव्हरसन यांनी. अशा कामाला एफएमआरआय यंत्र लागत नाही. एक तबलजी, एक बऱ्यापैकी मायक्रोफोन आणि इंटरनेटवर मोफत मिळणारे ध्वनिविश्लेषणाचे सॉफ्टवेअर एवढी सामग्री पुरते, आणि ती पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही महाविद्यालयात जमवता येते.